वाक्य पूर्ण करूनच खाली बसा

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय. पत्रातला मुख्य भाग असा:

‘मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. वय ३६. आमच्या मळ्याकडच्या वस्तीला नळाचं पाणी तीन दिवसांआड येतं, ते पण अर्धा तास. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडायचा असं आम्ही बायकांनी ठरवलं. घरी, गटात, शेतात मी चांगली बोलते, सगळ्याजणी मलाच पुढं करतात. पण सभेत उभी राहिले आणि आवाज कापायला लागला. हातांचं काय करावं कळेना, सारखा पदरच ओढत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “काय बोलू राहिल्या ताई, ऐकूच येईना.” म्हणून जोरात बोलले, तर पुढचे म्हणाले, “भांडायला आल्या काय?” समोर चुलत सासरे आणि गावातली मोठी माणसं बसलेली. त्यांच्याकडं बघून बोलणं आमच्याकडं बरं दिसत नाही. शेवटी ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, “बघू, बसा आता,” आणि मी बसले. नंतर नाशिकला व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका क्लासला दोन दिवस जाऊन आले. तिथं सांगितलं की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकीचे ९३ टक्के आवाज आणि देहबोली. हातवारे पाठ करून घेतले. माझी भाषा गावठी आहे, ती आधी शुद्ध करा, असंही सांगितलं. आता २ ऑक्टोबरला परत ग्रामसभा आहे. गटाच्या कर्जासाठी बँकेत मॅनेजर साहेबांशी पण बोलायचंय. मी काय करू?’

ताई, सगळ्यात आधी ते ९३ टक्के डोक्यातून काढून टाका. हा आकडा कित्येक वर्षं क्लासांमधून फिरतोय आणि त्यानं चांगल्या बोलणाऱ्या माणसांचं नुकसान केलंय. त्याचं मूळ आहे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांत. त्यात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि विचारलं होतं ते एवढंच, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो का नाही. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच सांगतोय, अशा वेळी ऐकणारा भावना कशावरून ओळखतो, इतकाच तो प्रश्न होता. सगळ्या बोलण्याला हा हिशेब लावू नका, असं मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं. तुमच्या वस्तीला पाणी किती दिवसांआड येतं, टाकीपासून येणारी लाईन किती इंची आहे, व्हॉल्व्ह कोण फिरवतं आणि कधी, हे जगातल्या कुठल्याही हातवाऱ्यानं सांगता येणार नाही. ते शब्दांनीच सांगावं लागतं. आवाजाचं आणि शरीराचं काम म्हणजे ते शब्द शेवटच्या रांगेपर्यंत धड पोचवणं.

आणि शब्द पोचत नाहीत ते नेमके कुठं, ते मला तुमच्या पत्रातून दिसतंय.

आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘आमच्या वस्तीला गेल्या महिन्यापासून पाणी वेळेवर’ इथपर्यंत ऐकलेल्या माणसाला अजून काहीच कळलेलं नसतं. येतं, येत नाही, यायला पाहिजे, येणार होतं, यातलं खरं काय ते शेवटच्या एक-दोन शब्दांत असतं. आपला नकारही शेवटी येतो. ‘आम्ही पाणीपट्टी थकवलेली नाही’ या वाक्यातला ‘नाही’ जर तोंडातच राहिला, तर मागच्या रांगेला तुम्ही पाणीपट्टी थकवल्याची कबुली ऐकू जाते. नाशिकमध्ये आवाज आणि भाषण शिकवायला बसले की माझ्यासमोर येणारी बहुतेक माणसं वाक्याची सुरुवात खणखणीत करतात आणि शेवट गिळतात. शाळेतली मुलंही तेच करतात आणि कंपन्यांतले अधिकारीही. मान खाली जाते, आवाज विझतो, आणि ज्या शब्दासाठी एवढं वाक्य उभं केलं तोच ऐकू येत नाही.

हे असं का होतं, ते शरीराकडून समजून घ्या. भीती वाटली की अंगात ॲड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, हात कापतात, तोंडाला कोरड पडते, कारण अशा वेळी शरीर लाळ बनवायचं काम मागं टाकतं. श्वास वरच्या वर, छातीच्या वरच्या भागातच चालतो. आवाज म्हणजे फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेनं घशातले स्वरतंतू हलणं. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा हलतात. खालून येणारी हवा सारखी नसेल तर ते सारखे हलत नाहीत आणि आवाज कापतो. ‘माझ्यात धीर नाही’ असं तुम्हाला वाटलं असेल, पण अडचण हवेची होती. अर्ध्या श्वासावर लांबलचक वाक्य सुरू केलं तर क्रियापदाशी येईपर्यंत हवा संपलेली असते. म्हणून शेवट बुडतो.

यावर पहिला उपाय म्हणजे वाक्यं तोडा. माझा अंदाज आहे की १५ ऑगस्टला तुम्ही असं काहीतरी बोलला असाल: ‘आमच्या वस्तीला जे पाणी येतं ते तीन दिवसांआड आणि तेसुद्धा अर्धा तासच येत असल्यामुळे बायकांना विहिरीवर जावं लागतं आणि मुलांची शाळा बुडते म्हणून आमची अशी विनंती आहे की...’ एवढ्या वाक्याला पट्टीचा गवईसुद्धा मध्ये श्वास घेईल. आता हेच असं म्हणून बघा: ‘आमच्या वस्तीला पाणी तीन दिवसांआड येतं. ते अर्धाच तास येतं. बाया विहिरीवर जातात. पोरांची शाळा बुडते. आम्हाला एक दिवसाआड पाणी पाहिजे.’ पाच वाक्यं, पाच श्वास, पाच क्रियापदं. प्रत्येक क्रियापदानंतर तोंड मिटा आणि नाकानं श्वास घ्या. हा थांबा तुम्हाला फार लांब वाटेल. ऐकणाऱ्याला तो लांब वाटत नाही. त्याला तेवढ्या वेळात तुमचं म्हणणं डोक्यात बसवायचं असतं.

दुसरा उपाय बोलायच्या आधीचा. सभेत बसल्या जागी, नाव पुकारायच्या आधी, श्वास घेण्यावर जोर देऊ नका, सोडण्यावर द्या. पाणी फुंकरीनं गार करतो तशी ओठांतून हळूहळू, लांब हवा सोडा. पोट आत जाईल. मग पोट सैल सोडलं की हवा आपोआप खालपर्यंत भरते. असं चार-पाच वेळा करा. कोणाच्या लक्षातही येत नाही. पाण्याचा घोट घ्या. हात कापायचे पूर्ण थांबणार नाहीत, आणि थांबायची गरजही नाही. आवाज मात्र सावरतो.

सराव कुठं करायचा? तुमच्याकडं त्याला उत्तम जागा आहे. द्राक्षबागेच्या ओळीत एका टोकाला तुम्ही उभ्या राहा, मैत्रिणीला दुसऱ्या टोकाला उभं करा. वेलीची पानं आवाज खातात, त्यामुळे तिथं फसवणूक होत नाही. तिला एकच काम सांगा: प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला की हात वर करायचा. ओरडायचं नाही. घरी ज्या पट्टीत बोलता त्याच पट्टीत, तोंड नीट उघडून, सावकाश. तिचा हात वर झाला नाही तर तेच वाक्य पुन्हा. मग मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना बाकी सगळं सोडून फक्त वाक्यांचे शेवट ऐका.

‘भांडायला आल्या काय’ हे तुम्हाला का ऐकावं लागलं, त्याचं कारणही इथंच आहे. घाईनं आवाज वाढवला की आवाजाची पट्टी वर जाते, घसा आवळतो, आवाज टोकदार होतो. ऐकणाऱ्याला आवाज मोठा झालाय असं वाटत नाही, राग ऐकू येतो. बाईच्या आवाजाला हा शिक्का पुरुषाच्या आवाजापेक्षा लवकर मारला जातो, ते चूक आहे आणि तसं मला स्पष्ट म्हणायचंय. पण २ ऑक्टोबरला गावाचा स्वभाव बदललेला नसेल, म्हणून हातात असलेली गोष्ट करू. कोणी ‘ऐकू येईना’ म्हणालं तर आवाज वर नेऊ नका. दोन पावलं पुढं या, वेग निम्म्यावर आणा आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा.

तुमच्या गावात हरिनाम सप्ताह होत असेलच. पुढच्या वेळी कीर्तनाला बसाल तेव्हा महाराज काय सांगतात याबरोबर ते थांबतात कधी, हेही बघा. चांगला कीर्तनकार महत्त्वाच्या शब्दाआधी आवाज खाली आणतो, आणि सगळा मंडप पुढं झुकतो. शब्द संपला की तो थांबतो, मगच टाळ वाजतात. मे महिन्यात नाशिकला येणं झालं तर गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, तिलाही एखादी संध्याकाळ द्या. शंभर वर्षांची परंपरा आहे तिची, आणि उघड्या पटांगणात, घाटाच्या गजबजाटात वक्ते कसे ऐकवतात ते तिथं बसून शिकता येतं. कीर्तनकाराची किंवा वक्त्याची नक्कल मात्र करू नका. फक्त त्यांचे थांबे मोजा.

आता उभं कुठं राहायचं. बायका बहुतेक ठिकाणी एका कडेला किंवा मागं बसतात आणि तिथूनच उठून बोलतात. मग पुढच्यांना मान वळवून बघावं लागतं आणि तुमचा अर्धा आवाज त्यांच्या पाठींवर आपटतो. तुम्ही उठून बाजूनं पुढं या, पण सरपंचांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहू नका, नाहीतर तुमच्याच बायकांकडं तुमची पाठ होते. कडेला तिरकं असं उभं राहा, की एका बाजूला सरपंचांचं टेबल दिसेल आणि दुसऱ्या बाजूला सगळे बसलेले लोक. बोलताना आपल्या बायकांचे चेहरे दिसत राहणं फार मोठा आधार असतो.

पाय जवळजवळ, एक वीत अंतर ठेवून, वजन दोन्ही पायांवर सारखं. एका पायावर कलून उभं राहिलं की माणूस नकळत डुलत राहतो. गुडघे ताठ आवळू नका. खांदे सैल. क्लासमध्ये कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहायला शिकवलं असेल, तर त्यामागचं कारण तुम्हाला माहीत असू दे: अशा पवित्र्यानं शरीरातली हार्मोन्स बदलतात असं २०१० साली एका अभ्यासात म्हटलं होतं, पण २०१५ साली जास्त माणसांवर तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा हार्मोन्समध्ये तसा बदल आढळला नाही. माणसांना स्वतःला जरा जोमदार वाटलं, एवढंच. ग्रामसभेत कमरेवर हात ठेवलेली सून कशी दिसेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पदराला खांद्यावर पिन लावा, म्हणजे तो ओढायचं कारणच उरणार नाही. डोक्यावर पदर घेत असाल तर राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. फक्त बोलताना पदराचं टोक किंवा हात तोंडावर जाऊ देऊ नका. गोंगाटात लोक ओठांकडं बघूनही शब्द ओळखतात.

हातवाऱ्यांचा प्रश्न तुम्ही मनाला जास्त लावून घेतलाय. पाठ केलेले हातवारे विसरून जा. हात बोलण्याबरोबर आपोआप हलतात, ते कोणाला बघून शिकावे लागत नाहीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जन्मापासून अंध असलेली मुलंही बोलताना हात हलवतात, आणि समोर ऐकणारा अंध असला तरी हलवतात. ज्यांनी कधी कोणाचे हात हलताना पाहिले नाहीत त्यांचीही ही गत. हात हलवणं हा विचार करण्याचाच भाग आहे. म्हणून पाठ केलेला हातवारा खोटा दिसतो: खरा हात शब्दाबरोबर किंवा शब्दाच्या किंचित आधी निघतो आणि पाठ केलेला नंतर येतो. लोकांना नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

तुम्हाला करायचंय ते एवढंच की हात मोकळे ठेवायचे. सुरुवातीला ते पोटापाशी एकमेकांत हलके धरा, घट्ट नको. पाठीमागं बांधू नका, हाताची घडी नको. बोलण्यात जोर आला की ते आपण होऊन सुटतील. त्यांना कामं मात्र खरी द्या. टाकी कुठल्या दिशेला आहे ते हातानं दाखवा. पाईप केवढा आहे ते बोटांनी गोल करून दाखवा. लाईन कुठून कुठं जाते ते हवेत ओढून दाखवा. माणसाकडं दाखवायची वेळ आली तर एक बोट कधीही नको, पूर्ण तळवा, वरच्या दिशेनं उघडा. तेच वाक्य, ‘भाऊसाहेब, हे तुमच्याकडं आहे’, बोट रोखून म्हटलं तर आरोप होतो, तळव्यानं म्हटलं तर कामाची आठवण होते.

मोजायची आपली एक सवय आहे, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजायची. ते स्वतःसाठी ठीक आहे, पण चार हातांवरूनसुद्धा दिसत नाही. सभेत तीन मुद्दे सांगायचे असतील तर एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं धरून, छातीच्या उंचीवर, एकेक उघडा. आकड्यांचं आणखी एक: मराठी आकडे कानाला फसवतात. एकोणपन्नास आणि एकोणसाठ, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, पंचेचाळीस आणि पंचावन्न, गडबडीत कोणालाही एकाचा दुसरा ऐकू येतो. तुमच्याकडं लिलावात हे रोज घडत असेल. म्हणून घरांचा, रुपयांचा, दिवसांचा आकडा सांगितला की लगेच फोड करा: ‘एकोणसाठ घरं, म्हणजे साठला एक कमी.’ पुढं कागदावर येतो तो आकडाच, तो चुकीचा ऐकला गेला तर सगळं मुसळ केरात.

हातात कागद धरू नका, थरथर त्या कागदाला दुप्पट होते आणि सगळ्यांना दिसते. जाड पुठ्ठ्याची वही धरा. तिच्यात पूर्ण भाषण लिहू नका. पहिलं वाक्य आणि शेवटची मागणी शब्दन्‌शब्द पाठ करा, मधले फक्त आकडे आणि एकेक शब्द मोठ्या अक्षरात लिहा. आणि वहीत बघायचं ते वाक्याच्या सुरुवातीला. क्रियापद येईपर्यंत नजर वर आलेली हवी. वाक्य संपताना तुम्ही कोणाच्या तरी चेहऱ्याकडं बघत असाल तर आवाज खाली पडतच नाही, कारण मानच खाली पडत नाही.

कोणाच्या चेहऱ्याकडं, हा तुमचा खरा पेच. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावून बोलायचं नाही, हे तुमच्या घरचं वळण आहे. क्लासवाले सांगतील की आत्मविश्वास म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत बघणं. मला ते पटत नाही. ज्या समाजात राहायचं त्याची रीत मोडून पाण्याचा प्रश्न सुटणार नाही, उलट चर्चा पाण्यावरून तुमच्यावर येईल. सुदैवानं सभेची रीत इथं तुमच्या मदतीला येते. सभेत बोलणारा अध्यक्षांना उद्देशून बोलतो, ग्रामसभेत सहसा सरपंचांना. तुम्ही उठल्यावर आधी समोरच्या सगळ्या मोठ्या माणसांना हात जोडून, मान लववून नमस्कार करा. घाई न करता करा. मान त्यांना दिला गेला. त्यानंतर तुमचं बोलणं सरपंचांशी. एक वाक्य त्यांच्याकडं बघून, एक वाक्य आपल्या बायकांकडं बघून, एक मागच्या रांगेकडं बघून. आकडे आले की ग्रामसेवकांकडं, कारण ते लिहिणारे आहेत. चुलत सासऱ्यांकडं बघायची वेळच येत नाही, आणि कोणी म्हणू शकत नाही की हिनं मोठ्यांना मान दिला नाही.

भाषेबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण तिथं तुम्हाला लागलेलं दिसतंय. तुमची भाषा शुद्ध करायची काही गरज नाही. ‘पाणी येऊ राहिलं’ असं निफाडपासून नाशिकपर्यंत माणसं बोलतात आणि सगळ्यांना ते कळतं. आपल्या जिल्ह्यात बागलाणकडं अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडं आदिवासींची कोकणी आहे, आणि त्या त्या भाषेत माणसं पिढ्यान्‌पिढ्या न्यायनिवाडे करत आली, लग्नं जुळवत आली, सौदे करत आली. सभेत ऐन वेळी ‘येत आहे’, ‘सदर’, ‘सबब’ असे परके शब्द आणायला गेलात की अर्धं लक्ष शब्द शोधण्यात जातं, श्वास तुटतो, आणि वस्तीतल्या बायकांना वाटतं ही आता आपल्यातली राहिली नाही. तुम्ही गटात जशा बोलता तशाच सभेत बोला. फरक करायचा तो नेमकेपणात. ‘लई दिवस झाले’ याऐवजी ‘जून महिन्यापासून’. ‘कोणी लक्षच देईना’ याऐवजी ‘अर्ज दिला, पोच माझ्याकडं आहे’. ‘थोडंसं पाणी’ याऐवजी ‘घरटी चार हंडे’. या दुरुस्त्या करा, बोलीला हात लावू नका.

माईक असेल तर तो हनुवटीपाशी, तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर, किंचित तिरका धरा. अगदी समोर धरला तर प, फ, भ हे आवाज फटाफट फुटतात. अंतर सारखं ठेवा, कारण माईक लांब गेला की त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज बराच कमी होतो. जाळीवर तळवा ठेवू नका, माईकचं तोंड स्पीकरकडं करू नका, शिट्टी वाजते.

आणि आता ते ‘बघू, बसा आता’.

कोणी मध्येच बोललं तर बसू नका आणि त्याच्या वरताण आवाजही काढू नका. उभ्या राहा, तळवा पुढं करा, गप्प राहा. मध्येच बोलणारा सहसा थोड्या वेळात थांबतो, कारण उत्तर मिळत नाही. मग म्हणा, ‘माझं वाक्य पूर्ण करते,’ आणि जिथं तोडलं होतं ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. हे वाक्य तुम्ही घरी पाठ करून ठेवा, तोंडवळणी पडू द्या. शेवटची मागणी झाली की ‘हे प्रोसिडिंगला घ्या’, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहा, असं म्हणा आणि उभ्याच राहा. ग्रामसेवकांनी पेन उचललेलं दिसल्यावर बसा.

ते उत्तर देत असताना तुमच्या मानेकडं लक्ष असू दे. आपल्याकडं ऐकताना ‘हं, हं’ करत मान हलवायची सवय असते. आपल्या मनात असतं ‘ऐकतेय’, समोरचा समजतो ‘पटलंय’, आणि ‘ताईंना सांगितलं, त्यांचं समाधान झालं’ असं म्हणून विषय पुढं जातो. उत्तर ऐकताना मान स्थिर ठेवा. पटलं तरच हलवा.

अजून एक संधी तुमच्या हातात आहे आणि तिचा पत्रात उल्लेख नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घेतली पाहिजे, असं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच उरकतात. तुम्ही गटातल्या बायकांना घेऊन ती खरोखर भरवायला लावा आणि पाण्याचा विषय तिथं पहिल्यांदा मांडा. तीच वाक्यं, तोच नमस्कार, तीच वही. एकदा तिथं बोलून झालं की २ ऑक्टोबरला तुम्ही दुसऱ्यांदा बोलत असाल. शिवाय तिथं झालेला ठराव हातात असेल, तर ‘मी’ म्हणायची गरज राहणार नाही, ‘महिला सभेनं ठरवलंय’ असं म्हणता येईल. त्या शब्दांनी आवाजाला किती बळ येतं ते तुम्हीच अनुभवाल.

बँकेचं काम यापेक्षा सोपं आहे, फक्त वेगळं आहे. तिथं मोठा आवाज नको आणि उभं राहणंही नको. बसायला सांगितलं की खुर्चीच्या कडेवर टेकू नका, पाठ टेकेल एवढं आत बसा. कडेवर बसलेल्या माणसाकडं बघून वाटतं की हा आता उठणार, आणि समोरचा तसंच बोलतो, उरकल्यासारखं. पिशवी मांडीवर धरू नका, खाली ठेवा. गटाचं पासबुक, ठरावाची वही, हप्त्यांचा हिशेब टेबलावर त्यांच्याकडं तोंड करून ठेवा आणि ज्या ओळीबद्दल बोलताय तिच्यावर बोट ठेवा. दोघींनी जा. एकीनं बोलायचं, दुसरीनं लिहायचं. मॅनेजर साहेब कॉम्प्युटरकडं बघत राहिले तर त्यांच्या पाठीशी बोलत राहू नका. वाक्य अर्ध्यावर थांबवा, ते वळतील, मग तेच वाक्य पहिल्यापासून म्हणून पूर्ण करा. कर्जाचा आकडा आणि हप्त्याची रक्कम फोड करून सांगा. ते ‘बघतो’ म्हणाले तर ‘कोणत्या तारखेला येऊ?’ एवढंच विचारा, ती तारीख त्यांच्यासमोर वहीत लिहा आणि लिहिलेली तारीख त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.